चहातून औषध देऊन दारू सुटते का?

प्रश्न : माझे पती (वय 44) अनेक वर्षांपासून रोज दारू पितात. उपचारांचे नाव काढले की ‘मी काय बेवडा आहे का?’ म्हणून भांडतात. ‘न सांगता दारू सोडवा’ ही जाहिरात वाचून सासूबाई चहातून औषध द्यायला सांगतात. ते द्यावे का?
– एक वाचक, सातारा

उत्तर : मुळीच देऊ नये. अशा पुड्यांत काय असते हे कळायला मार्ग नसतो, आणि ते डायसल्फिरम हे दारू सोडवण्याचे औषध असेल तर त्यावर दारू पोटात गेल्यास उलट्या, धडधड, रक्तदाब एकदम उतरणे असे होऊन प्रसंगी जिवावरही बेतते. म्हणूनच डॉक्टर ते रुग्णाला पूर्ण कल्पना देऊन, त्याच्या संमतीनेच देतात.

आपला नवरा बेवडा आहे हे त्याच्याकडून कबूल करून घेण्याची गरज नाही. विल्यम मिलर या मानसशास्त्रज्ञाने 1983 मध्ये मांडलेल्या समुपदेशन पद्धतीचा गाभाच असा की, वाद घातला तर माणूस व्यसनाची बाजू लढवू लागतो, बदलाची कारणे त्याच्याच तोंडून यावी लागतात. तेव्हा रात्रीचा विषय रात्री काढू नका. सकाळी ते शुद्धीवर असताना झोप, हातांची थरथर, कामावरचे खाडे यांतले त्यांना स्वतःला काय खुपते ते विचारा आणि मध्ये न बोलता ऐका. मागणीही लहान ठेवा : फक्त एकदा डॉक्टरांना भेटू या. कामाच्या ठिकाणी त्यांच्या वतीने खोटे निरोप देणे आणि गुत्त्याची उधारी फेडणे मात्र थांबवा. मारहाण होत असेल तर हे सारे बाजूला ठेवून आधी स्वतःची आणि मुलांची सुरक्षितता पाहा.

घरची माणसे बहुधा यानंतर देवापुढे शपथ घ्यायला लावतात. माळ घालून दारू सुटलेली माणसे आहेत, हे मान्य. पण रोज पिणाऱ्याने ती एकाएकी बंद केली तर पहिल्या दोन-तीन दिवसांत फिट येणे, भ्रम होणे असे धोके असतात, म्हणून दारू डॉक्टरांच्या देखरेखीखालीच थांबवावी.

ते तयार होईपर्यंत तुम्ही थांबून राहू नका. डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी 1986 मध्ये पुण्यात सुरू केलेल्या मुक्तांगण या व्यसनमुक्ती केंद्रात रुग्णांच्या पत्नींसाठी ‘सहचरी’ हा गट आहे. व्यसनमुक्तीसाठीच्या 14446 या राष्ट्रीय हेल्पलाइनवर कुटुंबीयांनाही विनामूल्य बोलता येते. जवळच्या केंद्राची चौकशी तिथेच करा, म्हणजे ते ‘बरं, जाऊ’ म्हणतील त्या दिवशी कुठे जायचे हे आधीच ठरलेले असेल.