बॉर्डर दिली की शेवटची लिंक खाली का उतरते?

प्रश्न : आमच्या वाचनालयाच्या संकेतस्थळावर मेन्यूच्या चार लिंक फ्लोट (घटक शेजारी-शेजारी लावण्याची सोय) वापरून एका ओळीत बसवल्या असून प्रत्येकीची रुंदी २५ टक्के आहे. माउस नेल्यावर लिंकभोवती बॉर्डर उमटावी म्हणून होव्हरच्या (माउस वर असतानाच्या) नियमात ‘बॉर्डर : २ पिक्सेल, रेड’ अशा अर्थाची ओळ लिहिली, पण काहीच दिसले नाही. ‘सॉलिड’ हा शब्द घातल्यावर बॉर्डर दिसू लागली, मात्र शेवटची लिंक खालच्या ओळीत उतरते. असे का होते?
— एक वाचक, सांगली

उत्तर : पहिल्या अडचणीचे कारण साधे आहे. बॉर्डरची जाडी आणि रंग दिले, पण शैली (‘सॉलिड’सारखा रेघेचा प्रकार) दिली नाही, तर सीएसएस, म्हणजे पानाचे रूप ठरवणारी भाषा, ती शैली ‘नन’ (रेघच नाही) धरते आणि मग जाडीही शून्यच मोजली जाते. रंग गाळला तर मजकुराचा रंग वापरला जातो आणि जाडी गाळली तर ‘मीडियम’ घेतली जाते. शैलीला मात्र असा आधार नाही.

दुसरी अडचण हिशेबाची आहे. सीएसएसमध्ये दिलेली रुंदी मुळात फक्त आतल्या मजकुराची असते आणि पॅडिंग (मजकूर व बॉर्डर यांमधली मोकळी जागा) व बॉर्डर तिच्यावर वाढीव धरली जातात. मेन्यू १२०० पिक्सेल रुंद असेल, तर प्रत्येक लिंकला नेमके ३०० पिक्सेल मिळतात. माउस नेताच एक लिंक ३०४ पिक्सेलची होते, बेरीज १२०४ वर जाते आणि शेवटची लिंक खाली ढकलली जाते. माउस त्या शेवटच्या लिंकवरच असेल, तर ती खाली गेल्याने होव्हर सुटतो, ती परत वर येते आणि माउस जरा हलला की पुन्हा खाली जाते. तुमच्याकडे ती लुकलुकतानाही दिसत असेल.

यावर ‘बॉक्स-सायझिंग : बॉर्डर-बॉक्स’, म्हणजे पॅडिंग व बॉर्डर दिलेल्या रुंदीतच धरणे, हा उपाय सर्रास सुचवला जातो. त्याने ओळ मोडत नाही हे खरे, पण उंची ठरवून दिलेली नसल्यास ती ४ पिक्सेलने वाढतेच आणि खालचा मजकूर हलतो. म्हणून त्याच्या जोडीला लिंकच्या मूळ नियमातच २ पिक्सेलची सॉलिड, पारदर्शक बॉर्डर द्यावी आणि होव्हरमध्ये केवळ ‘बॉर्डर-कलर’ बदलावा, हे मला अधिक योग्य वाटते. मूळ नियमात हा रंग वेगळ्या ओळीत लिहिणार असाल, तर ती ओळ ‘बॉर्डर’च्या ओळीनंतर ठेवा, आधी लिहिल्यास ‘बॉर्डर’ तो रंग पुसून टाकते.

‘आउटलाइन’ (बॉर्डरच्या बाहेरून काढली जाणारी रेघ) जागा व्यापत नाही, त्यामुळे तीही येथे चालली असती. परंतु कीबोर्डने वावरणाऱ्या वाचकाला आपण कोणत्या लिंकवर आहोत हे ब्राउझर बहुधा आउटलाइननेच दाखवतो, तेव्हा ती त्या कामासाठीच राखून ठेवावी.