नाणं उलटून बघा: टांकसाळीची चूक की नंतरची ठोकाठोकी?

प्रश्न: ताई, आजीच्या डब्यात 5 रुपयांचं जुनं जाड नाणं मिळालं, सिंहाच्या बाजूला उलटा 5 आत दबलेला दिसतो. एकजण म्हणाला हे 'लाखी' आहे, चांगले पैसे येतील. दोन्ही बाजूंचे फोटो पाठवतोय. (मिरज)

उत्तर: दोन्ही बाजू पाठवल्यात ते फार बरं केलंत, कारण उत्तर मागच्याच बाजूला आहे. आधी लाखी होतं कसं ते सांगते. टांकसाळीत दोन ठशांच्या मध्ये कोरी चकती येते, दाब पडतो, नाणं बाहेर. कधीतरी छापलेलं नाणं एका ठशालाच चिकटून बसतं आणि पुढची चकती आली की त्या बाजूने तिच्यावर ठशाऐवजी ह्या अडकलेल्या नाण्याचा छाप बसतो, मग एका बाजूला उठावदार सिंह आणि दुसरीकडे पण सिंहच, फक्त खोल गेलेले आणि आरशातल्यासारखे उलटे. म्हणजे खऱ्या लाखीत दोन्हीकडे एकच चित्र असतं. तुमच्या नाण्यात सिंह आहेत, त्यांच्याच अंगावर उलटा 5 आहे आणि मागे सरळ 5 पण आहे. लाखीत असं होऊच शकत नाही, तिथे अडकलेलं नाणं मध्ये आलं की त्याच्यामागचा ठसा चकतीला लागतच नाही ना! आता मागचा फोटो मोठा करून बघा, 5 च्या पोटाचा उठाव चेपून सपाट झालाय आणि तेवढाच भाग वेगळा चमकतोय. दुसरं नाणं वर ठेवून शिकंज्यात दाबलंय किंवा हातोडा मारलाय. वाईट वाटतं सांगायला, पण ह्याला एरर, म्हणजे टांकसाळीची चूक, म्हणून किंमत नाही. आणि कोणी रिझर्व्ह बँकेचं नाव सांगून आधी चार्ज किंवा कमिशन भरायला लावलं तर एक रुपया देऊ नका, बँकेने 2021 मध्येच जाहीर केलंय की आमचा असल्या व्यवहाराशी संबंध नाही.

प्रश्न: स्टीलचा 1 रुपया आहे, नेहमीपेक्षा पसरट, कडच नाही. वजन केलं तर बरोबर 4.85 ग्रॅम. म्हणजे ओरिजिनल एरर ना? (नाशिक)

उत्तर: वजनावर इथे जाऊ नका. लहानपणी रुळावर नाणं ठेवायचो आठवतंय? गाडी गेली तरी धातू कुठे जात नाही, नुसता पसरतो, वजन तेवढंच राहतं. माझ्याकडे असा एक रुळावरचा रुपया मुद्दाम जपून ठेवलाय, त्यातलं 'भारत' एका दिशेला ताणलं गेलंय, भ ओळखूच येत नाही, आणि नाणं हलकंसं वाकलंय पण.

खऱ्या चुकीत छापताना चकतीभोवतीचं कडं, म्हणजे कॉलर, जागेवर नसतं, धातूला अडवायला कोणी नाही म्हणून तो चहूबाजूंनी बाहेर सरकतो. पण ठसा तोच असतो, त्यामुळे मधले सिंह नेहमीएवढेच येतात, अक्षरंही ठीक असतात, फार तर कडेजवळची थोडी बाहेर ओढलेली. शेजारी साधा 25 मिमीचा रुपया ठेवा आणि सिंहाची उंची पट्टीने मोजा. फोटोत दोन्ही बाजूंची अक्षरं मला नीट दिसतायत, म्हणून खरंच आशा वाटतेय, तरी हातात घेऊन भिंगाखाली बघितल्याशिवाय पक्कं सांगणार नाही. तोपर्यंत चिंच-मीठ लावून घासू मात्र नका हं, कडेवरच्या बारीक खुणा मला जशा आहेत तशाच बघायच्यात.