ठाण्याच्या वागळे इस्टेटमध्ये मशिनिस्टला आता काम मिळेल का? तिथले कारखाने युनियनमुळे बंद पडले, हे खरे आहे का?

केवळ कामाविषयी विचारले असते, तर मी हे उत्तर लिहिले नसते. ‘युनियनने कारखाने बुडवले’ हे वाक्य मुलुंडला आमच्याच घरी, मेहुण्यांच्या तोंडून, दर दिवाळीला ऐकत आलो आहे. ते चूक आहे. वागळे इस्टेटमधले कारखाने प्रामुख्याने जमिनीच्या भावामुळे बंद पडले.

तिथल्या एका कंपनीच्या टूलरूममध्ये मी उमेदीची वर्षे काढली. नाव लिहीत नाही. डाय, जिग आणि फिक्स्चर, म्हणजे भाग घडवायचे साचे आणि काम करताना भाग धरून ठेवायची साधने, बनवणे हे आमचे काम. कंपनी बंद होण्याच्या सुमारास दुसरी पाळी भरलेली होती, सरफेस ग्राइंडरपाशी कामे तुंबली होती आणि रविवारी ओव्हरटाइम चालत असे. अशात एके दिवशी जमीन मोजणारी माणसे आली. कुंपणाच्या एका कोपऱ्यापासून दुसऱ्या कोपऱ्यापर्यंत त्यांनी मापे घेतली आणि शॉपमध्ये पाऊलही न टाकता ती निघून गेली. आमचे फोरमन तेव्हाच म्हणाले, की ज्याला कारखाना चालवायचा असतो तो आधी लेथचा बेड हात फिरवून पाहतो. पुढे व्हीआरएसचे, म्हणजे स्वेच्छानिवृत्तीचे, परिपत्रक लागले. त्या काळी शंभर किंवा अधिक कामगारांचा कारखाना बंद करायचा तर औद्योगिक विवाद कायद्यानुसार सरकारची परवानगी लागत असे. ती मागत बसण्यापेक्षा पैसे देऊन माणसे कमी करणे मालकांना सोयीचे होते. जे सही करीत ना, त्यांच्या हाती परराज्यातल्या डेपोत बदलीचे पत्र पडे. या सगळ्या काळात युनियनने संप पुकारला नव्हता. उलट ग्रॅच्युइटी आणि पगाराच्या थकलेल्या फरकाची रक्कम कामगारांना तिच्यामुळेच मिळाली.

यावर मेहुणे १९८२ च्या संपाचा दाखला देतात. तो संप मुंबईतल्या कापड गिरण्यांचा होता. वागळे इस्टेट इंजिनीअरिंग, रसायने आणि औषधे यांची. शिवाय खुद्द गिरणगावातही १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीने जमिनीच्या विकासाला वाट करून दिली आणि २००१ च्या दुरुस्तीने ती रुंद केली, हा भाग ते सोयीस्कर विसरतात. ते बँकेत होते.

एमआयडीसीची, म्हणजे महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाची, स्थापना १९६२ मध्ये झाली आणि तिच्या आरंभीच्या वसाहतींपैकी एक रायलादेवी तलावाजवळची ही वागळे इस्टेट. गंमत अशी, की उद्योगांनी मुंबई-ठाण्याबाहेर जावे म्हणून राज्य सरकारने १९६४ पासून सवलतीही सुरू केल्या. बाहेर स्वस्त जमीन व सवलत, आणि इथल्या जमिनीला घरांचा भाव, असा दुहेरी हिशेब मालकांपुढे होता. त्यांच्या जागी मेहुणे असते तर त्यांनीही तोच केला असता. १९२५ मध्ये सुरू झालेल्या रेमंडच्या ठाण्यातल्या गिरणीच्या परिसरात आज निवासी मनोरे आहेत आणि वागळे इस्टेटमध्ये आयटी पार्क व पासपोर्ट सेवा केंद्र. तलावांच्या या शहरात नोकऱ्या मुळीच उरल्या नाहीत असे नाही, पण त्या बहुतेक संगणकापुढच्या किंवा काउंटरमागच्या आहेत.

युनियनच्या बाजूने बोलताना एक मान्य करायला हवे, की सीएनसी, म्हणजे संगणकाच्या आज्ञावलीवर चालणारी, मशिने आली तेव्हा आमच्या काही पुढाऱ्यांनी प्रशिक्षणाऐवजी माणशी मशिनांच्या संख्येवरच वाद घातला आणि तरुण मुलांचे त्यात नुकसान झाले. मुलुंड नाक्यावरच्या जकातीचाही ठाण्याच्या मालाला जाच होता. ती २०१७ मध्ये गेली, तोवर उशीर झाला होता. आणि हे सारे वागळे इस्टेटपुरते आहे. तळोजा किंवा अंबरनाथची गोष्ट वेगळी असू शकते.

तुमच्या कामाचे म्हणाल, तर गाळ्यांमध्ये लहान शॉप अजून आहेत. व्हीएमसीचे, म्हणजे उभ्या स्पिंडलच्या सीएनसी मशीनचे, सेटिंग आणि प्रोग्रॅमिंग दोन्ही येत असेल, तर काम मिळेल; नुसते ऑपरेटर म्हणून गेलात तर पगार फार नसेल. मुलाखतीला जाल तेव्हा जागा मालकीची की भाड्याची, आणि अलीकडे नवे मशीन कोणते घेतले, हे अवश्य विचारा. मशीन घेतलेले नसेल आणि आवारात मोजणी सुरू असेल, तर तिथे युनियन आहे की नाही याने काही फरक पडणार नाही; दुसरे शॉप शोधा.