वहीतलं ते एक वाक्य

"ताई, माझी मुलगी दहावीत आहे. तिची एक मैत्रीण आहे, आठवीपासूनची. शाळेत, क्लासला एकत्र, आणि रात्री पुन्हा दीड वाजेपर्यंत फोन. दोघींनी एका फुलस्केप वहीत मिळून एक बेट रचलंय. त्याचे नकाशे, राजे-राण्या, स्वतःची लिपीसुद्धा. गेल्या शनिवारी भाचा म्हणाला म्हणून 'हेवनली क्रीचर्स' हा सिनेमा पाहिला आणि रात्रभर डोळा लागला नाही. सकाळी ती क्लासला गेल्यावर मी ती वही काढली. एका पानावर साध्या मराठीत लिहिलंय, 'आई नसती तर किती सोपं झालं असतं.' अकरावीला तिला लातूरला ठेवायचा आमचा विचार आहे, मुख्य म्हणजे या दोघींची ताटातूट व्हावी म्हणून. तिला अजून सांगितलेलं नाही. आणखीही एक शंका येते, पण ती लिहायला हात धजत नाही. तुम्ही समजून घ्या. काय करू?"
– एक आई, सातारा

सातारच्या ताई,

दोन मैत्रिणींनी मिळून एकीच्या आईचा खून केला, त्या खऱ्या घटनेवरचा तो सिनेमा मी दोनदा पाहिलाय. पहिल्यांदा त्या दोन पोरींसाठी, दुसऱ्यांदा त्या आईसाठी. खुनाच्या आधी तिघी टेकडीवरच्या चहाच्या दुकानात बसतात. ताटलीत शेवटचा एक केक उरतो. आई नको नको म्हणते, वजनाचं कारण सांगते, आणि पोरी तिला प्रेमाने आग्रह करून तो खायला लावतात. पुढचं रक्त मी विसरेन, तो केक विसरणार नाही. तेव्हा तुमची झोप का उडाली ते मला समजतं.

पण त्या गोष्टीत मैत्रीपलीकडे काय काय होतं, तेही बघू या. न्यूझीलंडमधलं क्राइस्टचर्च, २२ जून १९५४. पोलीन पार्कर सोळा वर्षांची, ज्युलिएट ह्यूम पंधराची. व्हिक्टोरिया पार्कमधल्या पायवाटेवर पोलीनच्या आईला, ऑनोराला, खाली वाकायला लावण्यासाठी एक गुलाबी खडा टाकला होता. ती वाकली आणि मोज्यात घातलेल्या अर्ध्या विटेने दोघींनी तिला मारलं. पीटर जॅक्सनचा १९९४ चा सिनेमा तिथेच सुरू होतो आणि तिथेच संपतो. केट विन्स्लेट आणि मेलनी लिन्स्की या दोघींचा हा पहिलाच चित्रपट. मधले पोलीनच्या आवाजातले उतारे तिच्या खऱ्या डायरीतून घेतलेत.

दोघी जवळ आल्या त्या आजारपणामुळे. पोलीनच्या पायाच्या हाडाला लहानपणी संसर्ग झाला होता, ज्युलिएटची छाती नाजूक. पी.टी.च्या तासाला बाकीच्या मुली मैदानात आणि या दोघी बाजूला बसलेल्या. तिथून मग बोरोव्निया नावाचं मनातलं राज्य, मातीच्या बाहुल्या, गायक-नटांना दिलेलं संतपद. ज्युलिएटला क्षय होऊन ती सॅनिटोरियममध्ये असताना दोघींनी एकमेकींना पत्रं लिहिली तीही आपल्या पात्रांच्या नावाने.

इथपर्यंत त्यांच्यात आणि तुमच्या लेकीच्या बेटात फारसा फरक नाही. ओढूनताणून मी तो दाखवणारही नाही. मी आणि माझ्या एका मैत्रिणीने सहावी ते नववी एक नाटक कंपनी चालवली. कंपनीत नट नव्हते, नाटक नव्हतं, फक्त हिशेबाची वही होती आणि दौऱ्यांचं वेळापत्रक. नागपूरचा प्रयोग पावसामुळे रद्द झाला तेव्हा आम्ही दोघी खरोखरच्या रडलो होतो. आईच्या मते आम्हाला बाहेरचं काहीतरी झालं होतं.

फरक पुढे पडतो. ज्युलिएटचं घर मोडत होतं. बाप विद्यापीठाच्या कॉलेजचा रेक्टर, नोकरी सोडून इंग्लंडला निघालेला, आईचं दुसरीकडे जुळलेलं. मुलीची रवानगी दक्षिण आफ्रिकेत नातेवाइकांकडे करायची ठरली. पोलीनला तिच्याबरोबर जायचं होतं, पोलीनच्या आईचा नकार होता. ह्यूम पती-पत्नींनी काय ठरवलं, का ठरवलं हे सगळं बाजूला राहिलं आणि पोरींच्या डोक्यात वाट अडवणारी एकच बाई उरली. त्या माउलीचं चुकलं असं मी म्हणत नाही, पंधरा-सोळा वर्षांच्या लेकीला परदेशी कोण धाडेल? पण दोन घरांतली मोठी माणसं ताटातुटीलाच औषध समजून बसली होती.

आता ते वाक्य. खोटा दिलासा देणार नाही. पोलीननेही फेब्रुवारीत डायरीत लिहिलं होतं की इतकी माणसं रोज मरतात, मग आईच का मरत नाही. पण जूनमध्ये त्याच डायरीत बेत आला, वस्तू आली, दिवस ठरला. मला तुमच्याकडून हेच कळायला हवंय. तुम्ही वही वाचलीच आहे (ते बरं केलंत असं नाही, त्यावर येतेच), तर आठवून सांगा, त्या वाक्याच्या मागे-पुढे काय होतं? आदल्या दिवशी फोन काढून घेतला होता का? 'कसं', 'कधी' असलं काही कुठे होतं का? तसं असेल तर या उत्तरासाठी थांबू नका, मानसोपचारतज्ज्ञाकडे जा. नसेल, तर ते रागावलेल्या पोरीचं वाक्य आहे. अशी वाक्यं आपण कुकरच्या शिट्टीत पुटपुटलोय, इतकंच की ती कागदावर आली नाहीत.

खरं सांगू? वहीत 'मी नसते तर' असं सापडलं असतं तर मला जास्त धास्ती वाटली असती. तसं काही दिसलं, किंवा तिचं जेवण-झोप बिघडलेली वाटली, तर सरळ विचारा, 'जिवाचं काही बरंवाईट करावंसं वाटतं का?' विचारल्याने डोक्यात भरत नाही. सरकारची टेली-मानस हेल्पलाइन आहे, १४४१६, फुकट, मराठीत बोलता येतं. तुम्हीही करू शकता, फक्त तिनेच करायला पाहिजे असं नाही.

लातूरचं म्हणाल तर तिला डॉक्टर व्हायचं असेल आणि तिथल्या क्लासचा दबाव झेपणार असेल, तर पाठवा. तोडण्यासाठी पाठवू नका. हॉस्टेलच्या खोलीत पोर एकटी, हाताशी फोन, फोनच्या पलीकडे तीच मैत्रीण आणि वाट अडवणारी तुम्ही. जे तोडायला निघालात ते तुम्हीच घट्ट करून द्याल. आणि निर्णय काहीही असो, तिला आत्ता सांगा. जाऊबाईंकडून कळलं तर वहीत आणखी एक पान भरेल.

तुमचा हात धजला नाही ती शंका मी लिहिते. मुलींमध्ये प्रेम असेल का, हेच ना? पोलीनलाही याच भीतीने डॉक्टरांकडे नेलं होतं. सिनेमात त्या डॉक्टरांचं तोंड 'होमोसेक्शुअलिटी' हा शब्द उच्चारताना कॅमेऱ्याने इतकं जवळून दाखवलंय की हसू येतं आणि चीडही. ज्युलिएट पुढे अ‍ॅन पेरी या नावाने रहस्यकथा लिहून प्रसिद्ध झाली, २०२३ मध्ये वारली. तिने असं नातं असल्याचं नाकारलं. असतं तरी खून त्यामुळे झाला नसता. तुमच्या लेकीचं तसं असेल किंवा नसेल, तिचं तिलाही कदाचित अजून ठाऊक नसेल. तो आजार नाही, २०१८ पासून आपल्याकडे गुन्हाही नाही. खोदून विचारू नका. घरात कुणी असल्या मुलींवर विनोद केला तर मात्र हसू नका, ती बघत असते.

मैत्रिणीच्या आईला फोन करा. तक्रार नको, 'रविवारी दोघी आमच्याकडे जेवायला, तुम्हीही या' एवढंच. आठवीपासूनची मैत्री, म्हणजे तिसरं वर्ष चालू आहे, आणि तुमच्या पत्रात त्या बाईचा एकदाही उल्लेख नाही. रात्री साडेदहानंतर फोन हॉलमध्ये चार्जिंगला, सगळ्यांचे, तुमच्या यजमानांचासुद्धा.

आणि वही. क्राइस्टचर्चच्या कोर्टात एकाच डायरीवरून बचावाच्या डॉक्टरांनी त्या पोरींना वेड्या ठरवलं आणि सरकारी डॉक्टरांनी शहाण्या. ज्युरीने शहाण्या मानून दोषी धरलं. वय अठराच्या आत म्हणून फाशी टळली, १९५९ मध्ये त्या सुटल्या. भल्या भल्या डॉक्टरांचं एकमत झालं नाही, तिथे तुम्ही एका सकाळी, ती क्लासहून यायच्या आत, घाईघाईत वाचलेल्या पानांवर तिचं पुढचं वर्ष ठरवू नका. वही वाचली हे तिला सांगा. एकटीला, तिच्या बाबांसमोर नाही. भडकेल, दार आपटेल, एक दिवस बोलणार नाही. सिनेमाची भीती, ते वाक्य, लातूर, सगळं याच क्रमाने सांगा. बेटाबद्दल अवाक्षर काढू नका, ते ती सांगेल तेव्हा सांगेल. 'किती पानं वाचलीस?' असं ती विचारेलच. खरा आकडा सांगा.