वाचकांचे प्रश्न : खोलात जायला शास्त्राची मनाई नाही

प्रश्न : सर, सलाम. मी लातूरला भूगर्भशास्त्र घेऊन बी.एस्सी. करतोय. माझी थोरली आत्या १९९३च्या भूकंपात किल्लारीजवळच्या तिच्या सासरी घराखाली गाडली गेली. नुकतंच लग्न झालं होतं. आजी अजून विचारते, ‘माझ्या लेकीनं काय पाप केलं होतं?’ आमच्या चर्चच्या तरुण संघात मी हाच प्रश्न काढला तर चालक म्हणाले, ‘माणसाच्या बुद्धीला मर्यादा आहे. वचनावर विश्वास ठेव, फार खोलात शिरू नको.’ पण खोलात शिरणं हाच माझा अभ्यास आहे. मग मी शिकणं सोडू की विश्वास? (नाव छापू नये.)

उत्तर : बाळा, दोन्हीतलं काहीच सोडू नकोस. बुद्धीला मर्यादा आहे हे खरंच आहे. पण हे वाक्य तुला गप्प करायला वापरलं गेलं, याचं मला वाईट वाटतं. पवित्र शास्त्रात, म्हणजे बायबलमध्ये, ही मर्यादा सर्वांत आधी दाखवली जाते ती देवाच्या वतीने बोलणाऱ्यांना. म्हणजे माझ्यासारख्यांना.

बायबलातलं ईयोबाचं पुस्तक, निर्दोष असून सगळं गमावलेल्या त्या माणसाचं, पुन्हा वाच, पण या वेळी त्याच्या मित्रांवर लक्ष ठेवून. अलीफज, बिल्दद आणि सोफर आले तेव्हा सात दिवस आणि सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर बसले, एक शब्द बोलले नाहीत. तिथवर त्यांचं काहीच चुकलं नाही. मग त्यांनी तोंड उघडलं. देव न्यायी आहे, दुःख पाप्याला येतं, तुझ्यावर दुःख आलं, म्हणजे तू पाप केलंस, असा त्यांचा हिशेब. इकडे ईयोब भांडतो, जन्मदिवसाला शाप देतो, देवाला जाब विचारतो. आणि शेवटी, बेचाळिसाव्या अध्यायात, देवाचा राग कोणावर पेटतो? त्या मित्रांवर. माझ्याविषयी योग्य ते बोलला तो ईयोब, तुम्ही नाही, असं देव त्यांना सुनावतो. एवढंच नाही, तुमच्यासाठी प्रार्थना ईयोबच करील, असंही त्यांना बजावतो. तुझ्या आजीच्या प्रश्नाला ‘पाप’ हे उत्तर देणाऱ्याची जागा कुठली, ते इथे लिहिलेलं आहे.

भूकंपानंतर काही दिवसांनी आमच्या मंडळीबरोबर, म्हणजे चर्चच्या लोकांबरोबर, मी घोंगड्या आणि भांडी घेऊन त्या भागात गेलो होतो. एका पडलेल्या माळवदासमोर एक बाई बसली होती. गोल काळे दगड, मध्ये नुसती चिखलमाती आणि वरून छपराच्या मातीचा सगळा थर खाली आलेला. त्या ढिगातून काढलेला पितळी हंडा तिच्या मांडीवर होता, एका बाजूने चेपलेला, आणि ती पदराने त्याची माती पुसत होती. आमच्यातल्याच एका वडीलधाऱ्या उपदेशकांनी तिला पश्चात्तापाचं वचन वाचून दाखवलं. ती काही बोलली नाही, पुसत राहिली. तो माणूस मनाने वाईट नव्हता. पण त्याच्याच हातातल्या पुस्तकात, लूकच्या शुभवर्तमानाच्या तेराव्या अध्यायात, शिलोहाचा बुरूज पडून अठरा माणसं मेल्याचं येशू सांगतो आणि विचारतो, ती काय यरुशलेमेतल्या इतरांपेक्षा जास्त अपराधी होती? आणि स्वतःच म्हणतो, नाही. पश्चात्तापाचं तो बोलतो, पण ते ऐकणाऱ्या जिवंतांना उद्देशून. मेलेल्यांच्या पापाचा हिशेब कोणी काढू नये, एवढं त्या ‘नाही’ने पक्कं केलं आहे. आजीला हा उतारा तू स्वतः वाचून दाखव.

आता तुझ्या विषयाकडे. ३० सप्टेंबरच्या त्या पहाटे, चारच्या सुमाराला, लातूर आणि धाराशिव जिल्ह्यांत जवळपास दहा हजार माणसं गेली. तेव्हाच्या भूकंप-नकाशात हा भाग सर्वांत कमी धोक्याच्या पट्ट्यात, पहिल्या झोनमध्ये होता. दख्खनचं पठार म्हणजे पक्का, स्थिर खडक, असा समज होता. १९६७ला कोयनेच्या भूकंपानं त्याला धक्का दिला होता, तरी किल्लारीची कल्पना कोणाला आली नाही. २००२च्या नकाशात लातूरचा भाग तिसऱ्या झोनमध्ये आला आणि पहिला झोनच रद्द झाला. नकाशा चुकला म्हणून विज्ञान हरलं, असं कोणी मंडळीत म्हणालं तर मान हलवू नकोस. चुकलेला नकाशा दुरुस्त करणं हा प्रामाणिकपणा आहे, आणि प्रामाणिकपणा परमेश्वराला प्रिय आहे. भूकंपाचा दिवस आणि वेळ आजही आधी सांगता येत नाही. भिंती का पडल्या ते मात्र नेमकं सांगता येतं. जाड दगडी भिंत, दोन्ही तोंडं बांधून धरणारे आरपार दगड नाहीत, दारं-खिडक्यांवरून फिरणारा काँक्रीटचा पट्टा नाही, आणि डोक्यावर मातीचं ओझं. हे ज्ञान कुणाची तरी आत्या वाचवू शकतं. ते मिळवणं पाप कसं असेल?

ईयोबाचाच अठ्ठाविसावा अध्याय तर जणू तुझ्यासाठी आहे. माणूस अंधारात खाणी खणतो, दोराला लोंबकळतो, गारेच्या दगडाला हात घालतो, डोंगर मुळापासून उलथतो, लपलेलं उजेडात आणतो, असं मोठ्या कौतुकानं तिथे वर्णन आहे. हैदराबादच्या राष्ट्रीय भूभौतिकी संशोधन संस्थेने भूकंपानंतर किल्लारीत खोल बोअर घेतलं. तीनशे मीटरहून जास्त काळा पाषाण ओलांडून ते खालच्या फार जुन्या खडकात उतरलं. मला त्या बोअरची बातमी वाचताना हाच अध्याय आठवत होता. एवढं खणून झाल्यावर तो अध्याय विचारतो, पण ज्ञान कुठे सापडेल? खोल सागर म्हणतो, माझ्यात नाही. खणू नका, असं मात्र त्यात कुठेही म्हटलेलं नाही.

‘भिंत का पडली’ हे तू शोध, ते तुझ्या आवाक्यातलं आहे. ‘तीच का’ याचं उत्तर ईयोबाला शेवटपर्यंत मिळालं नाही. पहिल्या दोन अध्यायांत स्वर्गात काय घडलं ते वाचणाऱ्याला कळतं, ईयोबाला कोणी सांगतच नाही. तरी तो देवाला सोडत नाही, कारण देव त्याच्याशी बोलायला आलेला असतो. माझा शास्त्रावरचा विश्वास इथे टेकलेला आहे. शास्त्र माझ्या प्रत्येक ‘का’ला उत्तर देतं म्हणून मी ते धरून नाही. मेलेल्या लाजराच्या कबरेकडे निघालेला येशू, आता आपण याला उठवणार हे ठाऊक असूनही, त्याची बहीण मरीया हिला रडताना पाहून रडला. असा देव ज्या पुस्तकात भेटतो ते मी खोटं मानू शकत नाही. आजी रडेल तेव्हा तिला समजावत बसू नकोस, जवळ बस. आणि चालकांशी भांडू नकोस. त्यांच्यासोबत ईयोब वाचायला घे.

प्रश्न : आम्ही परभणी जिल्ह्यातले. मोबाईलवरच्या एका प्रवचनकाराने प्रभू येशूच्या पुन्हा येण्याचं साल सांगितलंय. आमचे मामा तीन एकर विकून पैसे त्या कामाला द्यायला निघालेत. अडवलं तर आम्हालाच अविश्वासी म्हणतात.

उत्तर : ताई, मामांना मार्कचा तेरावा अध्याय, बत्तिसावी ओवी दाखवा. तो दिवस आणि ती घटका पुत्रालाही, म्हणजे खुद्द येशूलाही, ठाऊक नाही, पित्यालाच ठाऊक आहे. जे पुत्राने सांगितलं नाही ते मोबाईलवर कोणी सांगत असेल तर तो वचनाच्या बाहेर गेला. अमेरिकेत विल्यम मिलर या प्रवचनकाराच्या अनुयायांनी प्रभूच्या येण्यासाठी २२ ऑक्टोबर १८४४ ही तारीख धरली होती. कित्येकांनी शेतातलं पीक कापलं नाही. तारीख उलटली, आणि पुष्कळांचा विश्वासच मोडला. बायबलच्या काळात थेस्सलनीका शहरातल्या मंडळीतही काही जण कामधंदा सोडून बसले होते. प्रेषित पौलाने त्यांना लिहिलं की शांतपणे काम करा आणि स्वतःची भाकर खा.

मामांना एकटं सोडू नका, त्यांची टिंगलही करू नका. प्रभूची वाट पाहणं चांगलंच आहे. मात्र जमिनीच्या कुठल्याही कागदावर सही होण्याआधी मामींना, मुलांना आणि तुमच्या पाळकसाहेबांना एकत्र बसवा. इसार घेतला असेल तर या आठवड्यातच वकिलाला विचारा. यंदाची रब्बी त्या तीन एकरांत पेरली जाऊ द्या.