नाशिकमध्ये वृद्धाश्रमाच्या स्वयंपाकघराची तपासणी कोण करतं?

अन्न व औषध प्रशासनाचे अन्न सुरक्षा अधिकारी. २००६ च्या अन्न सुरक्षा व मानके कायद्याने त्यांना आत येऊन पाहणी करायचा, नमुने घ्यायचा अधिकार आहे. पण आईला ठेवण्याआधी तुम्हीच एकदा जेवणाच्या वेळी, न कळवता जा. भिंतीवर १४ अंकी परवाना किंवा नोंदणी क्रमांक दिसायला हवा. आचाऱ्यांची वार्षिक वैद्यकीय तपासणी झाल्याचे कागद मागा, कुरकुरले तर समजून जा. मी सर्वात आधी वरणाचं पातेलं बघतो (सवयच लागलीये). गरम अन्न ६० अंशांच्या वर, थंड ५ च्या खाली हवं. सकाळी ११ ला शिजवलेला भात दुपारभर ओट्यावर असेल, तर नाशिकच्या उन्हाळ्यात म्हाताऱ्या पोटांना जुलाब ठरलेलेच. तक्रार फूड सेफ्टी कनेक्ट ॲपवरही करता येते.