मुलगी ३००० मीटर पळते, अकॅडमीत घालू का?

ताई, तुमची मुलगी नववीत आहे, शालेय जिल्हा स्पर्धेत ३००० ला पहिली आली, आणि आता गावातली भरती अकॅडमी तिला सकाळ-संध्याकाळ बोलावतेय, वर दर रविवारी रोख बक्षिसाच्या १० किमीला नेऊ म्हणतायत, तर पाठवू का असं विचारलंत. मी शाळेत असल्यापासून १५०० आणि ३००० पळत आले, आता बरीच वर्षं मुलींना ग्राउंडवर शिकवते, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

अकॅडमीत आत्ता नका घालू. ते लोक वाईट आहेत असं नाही, पण त्यांचं काम वेगळं आहे. पोलीस भरतीत मुलांना १६०० मीटर आणि मुलींना ८०० मीटर असतं, चार-सहा महिन्यांत टायमिंग खाली आणायचं असतं, म्हणून तिथे रोज जीव तोडून पळवतात, तेही बहुतेक वेळा डांबरी रोडवर. वीस वर्षांच्या मुलीला ते चालून जातं. तुमची चौदाची आहे, तिची हाडं अजून वाढतायत, आणि ३००० म्हणजे चारशेच्या ट्रॅकचे साडेसात राउंड, त्याला लागणारा दम हा हळू पळूनच तयार होतो. शेजारणीशी बोलत बोलत पळता आलं पाहिजे इतकं हळू. आठवड्यात तीन-चार दिवस असं मातीवर, एक दिवस स्पीडचं काम, एक दिवस थोडा चढ, आणि एक दिवस पूर्ण सुट्टी म्हणजे सुट्टी. शाळेचे पीटीचे सर एवढं करून घेत असतील तर त्यांच्याकडेच राहू द्या, दुसरं काही शोधू नका.

रविवारच्या स्पर्धांचं म्हणाल तर घरात पैशाची गरज असते हे मला कळतं, आणि पाकीट हातात पडलं की पोरीलाही बरं वाटतं. पण वर्षातून दोन-तीन ठीक, दर रविवारी नाही. शनिवारी आराम, रविवारी रेस, सोमवारी पाय धरलेले, मग सराव करायचा कधी? आणि नडगी. दोन्ही नडग्यांवर लांबवर पसरलेलं दुखणं असेल तर थोडं कमी करून, बूट बदलून जातं, पण बोटाने दाबल्यावर एकाच जागी कळ येत असेल तर त्या दिवसापासून पळणं बंद आणि सरळ हाडाच्या डॉक्टरकडे, कारण तो हाडाला गेलेला बारीक तडा असू शकतो, आणि सुरुवातीला तो साध्या एक्स-रेत बऱ्याचदा दिसतसुद्धा नाही. तेल लावून, पट्टी बांधून पळवू नका, प्लीज.

आता सगळ्यात महत्त्वाचं, जे ग्राउंडवर पुरुष सर सहसा बोलत नाहीत. येत्या एक-दोन वर्षांत तिचं शरीर बदलणार, उंची, वजन, कंबर सगळं, आणि तेव्हा टायमिंग अडकतं, कधी कधी मागे जातं. कालपर्यंत हरणाऱ्या मुली पुढे जातात. हे अगदी नॉर्मल आहे, पण नेमकं तेव्हाच कोणीतरी म्हणतं "वजन वाढलंय हिचं, भात बंद कर", आणि मग पोरगी जेवण कमी करते, दोन-चार महिने खरंच फास्ट पळते, सगळे टाळ्या वाजवतात, आणि नंतर पाळी बंद, सतत थकवा, हाडं कमजोर. मी चांगल्या चांगल्या मुली अशा संपताना पाहिल्यात आणि मला त्याचा आजही त्रास होतो. तीन महिने पाळी आली नाही तर "पळते म्हणून होतं" असं म्हणून सोडून देऊ नका, डॉक्टरला दाखवा. आणि तिच्या वजनावर घरात कोणी एक शब्द बोलणार नाही एवढं तुम्ही बघा.

खाण्यात महागडी पावडर नको. भाकरी, डाळ, मोड आलेली मटकी, अंडी, दूध, शेंगदाणे-गूळ, पोटभर. पळून आल्यावर अर्ध्या तासात काहीतरी पोटात गेलंच पाहिजे, नुसता चहा पिऊन शाळेत नाही. जेवणाबरोबर तर चहा नकोच, त्याने लोह अंगी लागत नाही, उलट पालेभाजीवर लिंबू पिळा. वर्षातून एकदा रक्त तपासा आणि हिमोग्लोबिनबरोबर फेरिटिनही (शरीरातला लोहाचा साठा दाखवणारी तपासणी) करायला सांगा, हिमोग्लोबिन ठीक असून फेरिटिन तळाला गेलेल्या मुली असतात आणि सगळे त्यांना आळशी म्हणत बसतात.

घाई का नको, तर आपल्याकडचेच बघा. माण तालुक्यातल्या मोहीची ललिता बाबर २०१६ ला रिओ ऑलिम्पिकमध्ये स्टीपलचेसच्या, म्हणजे अडथळे आणि पाण्याचा खड्डा ओलांडत पळायच्या ३००० मीटरच्या, फायनलला पोचली, दहावी आली, तेव्हा ती सत्तावीस वर्षांची होती. आष्टी तालुक्यातला अविनाश साबळे बारावीनंतर लष्करात गेला, स्पर्धेचं पळणं २०१५ मध्ये तिथल्या क्रॉस कंट्रीपासून, म्हणजे माळरानावरच्या लांब शर्यतीपासून, सुरू केलं, आणि २०२२ ला राष्ट्रकुल स्पर्धेत त्याच स्टीपलचेसला ८ मिनिटं ११.२० सेकंदांत पळून रौप्य आणलं. चौदाव्या वर्षी कोण किती पळत होतं हे आज कोणी विचारत नाही.

बाकी कागदांचं, जन्मदाखला आणि प्रत्येक स्पर्धेचं सर्टिफिकेट एका फाइलला लावून ठेवा, दहावीच्या ग्रेस मार्कांचा प्रस्ताव शाळेतूनच जातो, तेव्हा धावपळ नको. विभागीय स्पर्धा सिंथेटिक (रबरासारख्या) ट्रॅकवर असेल तर आधी एक-दोनदा तरी तिला तशा ट्रॅकवर पळवून आणा, मातीवरच्या मुलींच्या पोटऱ्या पहिल्यांदा तिथे भरून येतात. स्पाइक्सचे, म्हणजे पळायच्या खिळेवाल्या बुटांचे, खिळेही तपासा, मातीचे लांब खिळे तिथे चालू देत नाहीत. आणि पहिला राउंड तिला मागून पळू द्या. सगळ्या पोरी शिट्टी वाजली की सुसाट सुटतात आणि चौथ्या राउंडला त्यांचा श्वास ऐकू यायला लागतो, तिने तिथून एकेक करून पुढे जायचं.